चोवीस हप्ते आणि वहीतला एक जादा रकाना

जानेवारी २०२३ मध्ये मी एका सूक्ष्म वित्त कंपनीकडून ४०,००० रुपयांचे गट कर्ज घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा शेवटचा हप्ता भरला. दोन वर्षांत एकही हप्ता थकला नाही, त्यामुळे कंपनीच्या दप्तरी मी उत्तम कर्जदार आहे. त्या दप्तरात हप्ता कोणत्या तारखेला आला याची नोंद असते, तो कुठून आला याची नसते. मी गेली अनेक वर्षे आमच्या महिला बचत गटाची सचिव म्हणून हिशेब लिहीत असल्याने मला रकाने आखण्याची सवय आहे, आणि या कर्जासाठी केलेल्या वहीत तारीख, रक्कम, मुद्दल, व्याज यांच्यानंतर ‘कुठून आले’ असा आणखी एक रकाना मी पहिल्याच दिवशी आखला होता. पुढे जे लिहिते आहे ते प्रामुख्याने त्या रकान्यातले आहे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. मी शिलाईकाम करते. यजमान जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, कामाला जातात. जिनिंग दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळ्यात कापूस संपला की बंद पडते, मग पावसाळाभर मिळेल ती मजुरी. आमच्याकडे शेती नाही. पायमशीनवर दिवसाला जेवढे काम उरकत होते तेवढ्यात शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर घेता येत नव्हती, म्हणून मोटरवर चालणारे मोठे मशीन आणि कापडाच्या कडा शिवणारे ओव्हरलॉक अशी दोन्ही घ्यायची होती. बचत गटातून कर्ज मिळाले असते तर मी दुसरीकडे गेलेच नसते. परंतु त्या वेळी गटाला बँकेकडून मिळालेली रक्कम इतर सभासदांमध्ये वाटून झाली होती, आणि गटाच्या स्वतःच्या बचतीतून एकीला चाळीस हजार देणे म्हणजे बाकीच्या नऊजणींना वर्षभर थांबवणे होते.

गट कर्जाची पद्धत आता गावोगाव माहीत आहे. ओळखीच्या पाचजणींचा गट करायचा, असे काही गट मिळून एक केंद्र होते, प्रत्येकीचे कर्ज स्वतंत्र असते, परंतु एकीने हप्ता भरला नाही तर उरलेल्या चौघींनी तो भरायचा. तारण काही नाही. एकमेकींची हमी हेच तारण. या पद्धतीचे मूळ बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी उभ्या केलेल्या ग्रामीण बँकेत आहे, हे मला महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, प्रशिक्षणात समजले होते. तिथेच २०१० साली आंध्र प्रदेशात या कर्जांच्या वसुलीवरून जे घडले त्याचीही माहिती आम्हाला दिली गेली होती. एकाच घरात चार-पाच कंपन्यांची कर्जे, वसुलीचा तगादा, आत्महत्यांच्या बातम्या, मग राज्य सरकारचा अध्यादेश, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समितीच्या शिफारशींवरून २०११ मध्ये या कंपन्यांसाठी केलेली स्वतंत्र नियमावली. हे माहीत असूनही मी कर्ज घेतले, कारण मशीनच्या कामातून हप्ता निघेल असा माझा हिशेब होता आणि तो हिशेब वर्षाच्या बेरजेने पाहिला तर बरोबरच होता.

गट ठरल्यावर कंपनीचा प्रतिनिधी घरी आला. हा मुलगा शेजारच्या जिल्ह्यातला, माझ्या भाच्याच्या वयाचा. आम्ही सगळ्याजणी त्याला सर म्हणायचो आणि तो आम्हाला ताई. त्याने टॅबवर माहिती भरायला सुरुवात केली. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नवरा, बायको आणि अविवाहित मुले यांचे मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असेल तरच त्या घराला सूक्ष्म वित्त कर्ज देता येते, आणि घरातील सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. त्यामुळे उत्पन्न काढणे हा या प्रक्रियेचा कणा आहे.

त्याने विचारले, “ताई, शिलाईचे महिन्याचे किती पडतात?”

मी म्हटले, “कोणत्या महिन्याचे?”

यावर तो हसला आणि म्हणाला की टॅबमध्ये एकच चौकोन आहे. मी त्याला सांगितले की जून-जुलैत गणवेशांमुळे बारा हजारांपर्यंत जातात, दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत ब्लाउजचे काम असते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र तीन हजारही सुटत नाहीत. यजमानांचेही तसेच. त्याने सगळ्याची सरासरी काढून १६,००० लिहिले. सरासरी म्हणून तो आकडा खरा होता आणि त्यात त्याचा काही कावा नव्हता. यजमानांच्या मोटारसायकलचा हप्ता २,३०० होता, नवा हप्ता मिळवून साडेचार हजारांच्या आत बसत होते, निम्मी मर्यादा आठ हजारांची होती, म्हणजे कर्ज अगदी आरामात मंजूर. अडचण एवढीच, की सोळा हजार उत्पन्नाचा महिना आमच्या घरात वर्षातून क्वचितच उगवतो. एक तर त्याहून बरा असतो, नाही तर फार वाईट.

परतफेड महिन्याला, पंधरवड्याला की आणखी कशी करायची याबाबत कर्जदाराच्या गरजेनुसार लवचिकता ठेवण्याचे धोरण प्रत्येक कंपनीने ठरवावे, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. मी हे विचारले. जून-जुलैत आणि दिवाळीच्या सुमारास हप्ता मोठा ठेवा, बाकी महिन्यांत लहान ठेवा, असे काही होईल का? सरांनी शाखेत फोन लावून पाहिला. उत्तर आले की दोनच पर्याय आहेत, पंधरवड्याचा आणि महिन्याचा. मी महिन्याचा घेतला.

कर्जाचे माहितीपत्रक मराठीत मिळाले, हे मान्य केले पाहिजे. मी ते पूर्ण वाचले, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवले. व्याजदर वार्षिक २४ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच. हप्ता २,११५ रुपये, मुदत २४ महिने. प्रोसेसिंग फी ४०० रुपये, तिच्यावर ७२ रुपये जीएसटी, आणि माझा व यजमानांचा विमा ९०० रुपये. म्हणजे करारात ४०,००० आणि खात्यावर जमा ३८,६२८. हा सगळा खर्च धरला की प्रत्यक्ष वार्षिक दर पावणेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास जातो आणि तो आकडाही पत्रकावर छापलेला होता, पण तो वाचण्याआधीच बहुतेकींची सही होऊन जाते. पहिल्या हप्त्यात ८०० रुपये व्याज आणि १,३१५ मुद्दल. पूर्ण वर्षभर, म्हणजे बारा हप्ते भरून झाल्यावर मी २५,००० हून अधिक रुपये दिले होते आणि तरीही २२,००० च्या वर मुद्दल शिल्लक होते. केंद्रातल्या कितीतरी बायांना वाटत होते की अर्धी मुदत संपली म्हणजे अर्धे कर्ज फिटले. मी वही उघडून दाखवली तेव्हा एक-दोघी माझ्यावरच रागावल्या.

व्याजाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यावरून नेहमी वाद होतो. आमचा बचत गटही अंतर्गत कर्जाला महिन्याला शेकडा दोन रुपये घेतो. वर्षाचे चोवीसच टक्के झाले. मग फरक काय? फरक असा की गटाचे व्याज गटाच्याच पेटीत पडते आणि वर्षअखेरीस त्यातून आमच्याच बचतीवर वाढ मिळते. कंपनीचे व्याज गावाबाहेर जाते. दुसरीकडे, गावात खासगीत शेकडा पाचने आणि अडीनडीला शेकडा दहानेही पैसे दिले जातात, त्यामानाने कंपनी स्वस्त आहे, आणि तिच्या पावतीवर खाडाखोड नसते. हे दोन्ही खरे आहे, आणि यांतले एकच सांगणाऱ्याशी माझे पटत नाही.

पहिला हप्ता फेब्रुवारीत होता. मशीन आले होते, लग्नसराईचे ब्लाउजही येत होते, काम भरपूर झाले. पैसा आला नाही. त्याचे कारण कापूस. आदल्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, कापसाने क्विंटलला दहा हजारांची पातळी ओलांडली होती आणि तोच भाव पुन्हा येईल या आशेने त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी कापूस विकला नाही. घरोघरी खोल्या छतापर्यंत कापसाने भरलेल्या, अंगाला खाज सुटते म्हणून पोरे ओसरीत झोपलेली, आणि हातात दमडी नाही. माझ्या गिऱ्हाईक बाया त्याच घरांतल्या. “कापूस गेला की देतो ताई,” हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत इतके ऐकले की वहीत उधारीच्या यादीवर मी तेच शीर्षक लिहून टाकले. जिनिंगमध्ये कापूस येत नाही म्हणून यजमानांच्याही पाळ्या कमी झालेल्या. आमच्याकडे गुंठाभर जमीन नसताना माझा हप्ता कापसाच्या भावावर टांगलेला होता, आणि टॅबमधल्या त्या एका चौकोनात याला कुठे जागा नव्हती. फेब्रुवारीचा हप्ता ‘शिलाई व बचत गट’, मार्चचा ‘बहिणीकडून उसने’, एप्रिलचा ‘बचत गटातून २,००० अंतर्गत कर्ज’ अशा माझ्या नोंदी आहेत. कंपनीच्या कार्डावर तिन्ही महिन्यांपुढे सारखाच शिक्का.

जूनमध्ये गणवेशांचे काम मिळाले आणि मग मशीनने आपला पैसा खरोखर कमावला. तीन हप्त्यांपुढे नुसते ‘शिलाई’ असे लिहिता आले. त्याच काळात कंपनी माझ्याकडून दुप्पट हप्ता घ्यायला तयार असती, तर ऑगस्ट-सप्टेंबरची चिंता मिटली असती. नियमानुसार या कर्जाची मुदतीआधी परतफेड करण्यास दंड नाही, ही सोय चांगली आहे. पण तिचा अर्थ कंपनीने पूर्ण कर्ज एकदम बंद करणे असाच लावला होता, पुढचा हप्ता आगाऊ जमा करणे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते. मग आगाऊ पैसे मी बचत गटात ऐच्छिक बचत म्हणून ठेवले आणि ऑगस्टमध्ये काढले. याला काही मोठी अक्कल लागत नाही. फक्त ज्यांच्याकडे कंपनीशिवाय दुसरा कुठला गटच नाही त्यांना हे जमत नाही.

आता आमच्या पाचजणींमधल्या मावशींबद्दल. त्या शेतमजूर, वेचणीच्या दिवसांत किलोमागे मजुरीने कापूस वेचणाऱ्या, हिशेबाला पक्क्या. डिसेंबर २०२३ पर्यंत त्यांचा एकही हप्ता मागे नव्हता. जानेवारीत त्यांचे यजमान झाडावरून पडले आणि पाय मोडला. पहिल्या महिन्यात आम्ही चौघींनी वाटून त्यांचा हप्ता भरला आणि कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या महिन्यातही भरला, तेव्हा कुरकुर झाली. तिसऱ्या महिन्यात एकीने स्पष्ट सांगितले की तिच्याच घरी फीचे पैसे नाहीत. त्या दिवशी पैसे पूर्ण होईपर्यंत केंद्राची बैठक उठवायला सर तयार नव्हते. कुणाची मजुरी बुडत होती, कुणाचे मूल रडत होते. दुसऱ्या गटातल्या बाया, ज्यांचा या हप्त्याशी काही संबंध नव्हता, त्या मावशींकडे ज्या नजरेने पाहू लागल्या ती मला अजून आठवते. दबाव म्हणतात तो हा. आवाज चढवावा लागत नाही. पंचवीस बायांना बसवून ठेवले की पुरते. सरांवर वरून वसुलीचे आकडे येत होते आणि त्यांचा प्रोत्साहन भत्ता त्यावर ठरत होता, हे त्यांनीच नंतर मला सांगितले. तरीही बैठक अडवून धरणे गैर होते आणि ते मी त्यांना तिथेच सांगितले.

त्या संध्याकाळी मावशींच्या घरी आम्ही त्यांची सगळी लोन कार्डे मागितली. त्यांनी डब्यातून एकेक करत चार काढली, चार वेगवेगळ्या कंपन्यांची. आम्हाला दोनच माहीत होती. चारही हप्त्यांची बेरीज महिन्याला ७,४०० रुपये होत होती. दोघांची मजुरी धडधाकट असतानाही घरात सरासरी तेरा हजारांच्या वर येत नव्हते. निम्म्याची मर्यादा साडेसहा हजारांची. मग चौथे कर्ज मंजूर कसे झाले? एका कार्डासोबतच्या पत्रकावर घराचे मासिक उत्पन्न १९,००० लिहिलेले होते, दुसऱ्यावर १७,०००. घर तेच, माणसे तीच. शिवाय चारपैकी एक कर्ज मावशींनी पुतण्यासाठी काढलेले होते, तो पुण्याला कामाला गेला होता आणि पैसे पाठवणे त्याने केव्हाच बंद केले होते.

मावशी इतके दिवस वेळेवर कशा भरत होत्या याचा उलगडा त्या कार्डांच्या तारखांवरूनच झाला. दुसरे कर्ज मिळाले त्या आठवड्यात पहिल्याचे दोन हप्ते भरले गेले होते, तिसऱ्यातून दुसऱ्याचे आणि पहिल्याचे, चौथ्यातून तिन्हींचे. मावशींनी लपवले असे मी म्हणणार नाही. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. चारही कंपन्यांच्या लेखी त्या नियमित कर्जदार होत्या, आणि नियमित आहेत म्हणूनच त्यांना पुढचे कर्ज मिळत होते.

काय करायचे याची चर्चा बचत गटात झाली. गटातल्या एका वयस्कर ताईंनी २०१६ ची आठवण काढली. नोटबंदीनंतर रोकड नसल्याने विदर्भात गावोगाव हप्ते थांबले होते, त्यातच काही पुढाऱ्यांनी ही कर्जे माफ होणार, भरू नका, असे सांगत सभा घेतल्या. माफी काही झाली नाही. ज्यांनी भरणे सोडले त्यांची नावे क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांत, थकबाकीदार म्हणून लागली आणि पुढे बँकेने बचत गटाच्या कर्जाच्या वेळी त्याच नावांवर बोट ठेवले. त्यामुळे भरणे सोडून द्यायचे नाही, पण भरता येईल एवढाच हप्ता मागून घ्यायचा, असे ठरले. मी मावशींच्या नावाने चारही कंपन्यांना अर्ज लिहिले: अपघाताची तारीख, रुग्णालयाची कागदपत्रे, चारही हप्त्यांची बेरीज, घरातले सध्याचे उत्पन्न, आणि महिन्याला एकूण २,५०० रुपये भरण्याची तयारी. आमच्या कंपनीच्या अर्जात बैठक अडवून धरल्याचाही उल्लेख केला. शाखेत अर्ज घ्यायला टाळाटाळ झाली, म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि कार्डावर छापलेल्या तक्रार क्रमांकावर फोन करून नोंद करून घेतली. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे, हे मला माहीत होते व अर्जाच्या शेवटी मी तसे लिहिलेही होते. ते वाक्य उपयोगी पडले असावे, कारण तीस दिवस उलटायच्या आत मुख्य कार्यालयातून माणूस आला.

दोन कंपन्यांनी मुदत वाढवून हप्ता कमी केला. आमची त्यांपैकी एक. तिसरीने लेखी काही दिले नाही, पण भरतील ते घेऊ लागली. चौथीचा माणूस मात्र सकाळी सातला फोन करायचा. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करणे नियमात बसत नाही. एकदा फोन मी घेतला, त्याला हे सांगितले आणि कोणत्या वेळी किती फोन आले याची यादी वाचून दाखवली. फोन थांबले. मुदत वाढवल्याची नोंद मावशींच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये राहील आणि काही काळ नवे कर्ज मिळणे अवघड जाईल, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले होते. त्या म्हणाल्या, “नवं पाहिजे कोणाले?”

नवे कर्ज मिळेनासे होणे म्हणजे काय हे पुढच्या काही महिन्यांत सगळ्या केंद्राने पाहिले. जुलै २०२४ मध्ये या कंपन्यांच्या एमफिन या संघटनेने एका कर्जदाराला जास्तीत जास्त चार कंपन्या आणि एकूण २ लाख रुपये अशी मर्यादा घातली, आणि पुढे चाराच्या जागी तीन करायचे ठरवले. मर्यादा योग्यच आहे, माझे मत विचाराल तर ती फार आधी यायला हवी होती. पण ज्या बाया मावशींसारख्या एका कर्जातून दुसरे भरत होत्या त्यांची साखळी एकदम तुटली. वर्षानुवर्षे एकही हप्ता न चुकवलेल्या बाया बैठकीला येईनाशा झाल्या. सर म्हणायचे, “या ताईंना झाले तरी काय, इतक्या चांगल्या होत्या.” त्यांना नवे काही झालेले नव्हते, हप्ता जिथून येत होता ती जागा बंद झाली होती, आणि ती जागा कोणती हे कुणाच्याच नोंदीत नव्हते.

माझे शेवटचे सहा हप्ते त्याच काळातले. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यावर आले आणि वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याचा हप्ता त्यातून गेला. पुढच्याही वाईट महिन्यात निम्म्याहून अधिक भार त्याच १,५०० रुपयांनी उचलला. शासनाचे पैसे माझ्या खात्यावर येऊन चार दिवसांत कंपनीच्या खात्यावर गेले. वाईट वाटले असे नाही, कारण नाही तर गटातून पुन्हा दोन हजार उचलावे लागले असते. चोवीस हप्त्यांची बेरीज आता पाहते तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त हप्ते शिलाईतून आलेले दिसतात. बाकीच्यांत यजमानांची मजुरी, बचत गट, बहीण आणि शासन. मशीन घेतल्याचा पश्चात्ताप मला नाही. ते माझे आहे, ते चालते आहे आणि आता त्याच्यावर हप्ता नाही. परंतु ‘शिलाईच्या व्यवसायातून १०० टक्के परतफेड’ असे माझ्याबद्दल कुणी लिहिले तर त्यातला दुसरा भाग खरा आहे आणि पहिला अर्धाच.

शेवटचा हप्ता भरल्यावर मी कर्ज संपल्याचा दाखला मागितला. सरांनी सांगितले की कार्डावर शिक्का आहे तेवढे पुरे. मी पुरे मानले नाही. लेखी दाखला मिळाल्यावर दोन महिन्यांनी भाच्याला सांगून क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात माझे कर्ज चालूच दाखवले होते, शिल्लक शेवटच्या हप्त्याएवढी. दाखल्याची प्रत जोडून दुरुस्तीची मागणी केली. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे असेल किंवा कसे, नोंद मुदतीत दुरुस्त झाली. ज्यांनी दाखला मागून घेतला नव्हता अशा केंद्रातल्या आणखी काहीजणींचे रिपोर्ट काढले, तर दोघींच्या बाबतीत तोच प्रकार निघाला.

दाखला हातात पडायच्या आधीच ६०,००० रुपयांच्या नव्या कर्जाबद्दल फोन आला होता. मला काजे-बटणाचे मशीन घ्यायचे आहे, पण त्यासाठी साठ हजार लागत नाहीत. मशीनपुरती रक्कम मी या वेळी बचत गटातून घेतली आणि फेडीचे वेळापत्रक गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मांडून मंजूर करून घेतले: जून, जुलै, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये मोठा हप्ता, मार्च ते मे मध्यम, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फक्त व्याज. ठरावावर दहाहीजणींच्या सह्या आहेत. मावशींनी अंगठ्याऐवजी सही केली, आणि पुढच्या बैठकीत स्वतःसाठी असाच ठराव मांडायचा म्हणून वेचणीच्या महिन्यांची यादी माझ्याकडून लिहून घेतली.